नाताळची भेट आणि दाराबाहेरचें मूल

ख्रिस्तजन्माच्या सणाला मराठींत ‘नाताळ’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. १५१० सालीं गोवें त्यांच्या ताब्यांत गेल्यानंतर जे पोर्तुगीज शब्द या किनाऱ्यावर रुळले, त्यांपैकींच हा एक. त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जन्मासंबंधीं’ एवढाच आहे. त्यांत सजविलेलें झाड नाहीं, लाल झगा घातलेला म्हातारा नाहीं आणि भेटवस्तूही नाहीं. तरी डिसेंबर लागला कीं शहरांतील सुशिक्षित घरांतून, मग तें घर कोणत्याही धर्माचें असो, मुलें विचारूं लागतात तें भेटीविषयींच. आईबापांच्या मनांत अशा वेळीं दोन विचार एकदम उभे राहतात. मुलाचा आनंद हिरावून घ्यावा, असें कोणासच वाटत नाहीं. आणि वस्तूंचा ढीग घरांत आणल्यानें मूल सुखी होतें कीं हावरें होतें, हा संशयही मनांतून जात नाहीं.

पूर्वीं हा सण निर्मळ होता व अलीकडे बाजारानें तो नासविला, असें पुष्कळांस वाटतें. इतिहास पाहतां ही समजूत टिकत नाहीं. घरोघर मुलांना नाताळच्या भेटी देण्याची रीत, तिच्या आजच्या स्वरूपांत, सुमारें दोनशें वर्षांचीच आहे. आणि तिच्याविषयींची कुरकुर जवळजवळ तितकीच जुनी आहे. त्या कुरकुरीचीं कारणें नीट पाहिलीं, म्हणजे मुलासाठीं भेट निवडतांना मन कां अडखळतें, याचाही कांहींसा उलगडा होतो.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक ख्रिस्तजन्माचा सण पाळीत नसत. २५ डिसेंबर ही तिथि रोममधील इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहांत नोंदलेली सांपडते. रोमन लोकांचा ‘सॅटर्नेलिया’ हा उत्सव त्याच्याही फार आधींपासून डिसेंबरांतच होत असे आणि त्यांत मेणबत्त्या व मातीच्या लहान मूर्ति एकमेकांस देण्याची चाल होती. मुलांच्या भेटींशीं ज्याचें नांव जोडलें गेलें, तो संत निकोलस मात्र निराळा. तो चवथ्या शतकांत आशिया मायनरमधील मायरा येथें बिशप होता. एका दरिद्री गृहस्थाच्या तीन मुली हुंड्यावांचून अडून राहिल्या असतां या बिशपनें रात्रीच्या वेळीं त्यांच्या खिडकींतून सोन्याच्या थैल्या आंत टाकल्या, अशी आख्यायिका आहे. हुंड्यासाठीं अडलेल्या मुली म्हणजे काय, हें मराठी वाचकाला समजावून सांगण्याची जरूर नाहीं. या कथेंतील दोन गोष्टी मात्र पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. त्या मुली बिशपच्या नात्यागोत्याच्या नव्हत्या. आणि देणाऱ्यानें आपलें नांव लपविलें होतें.

६ डिसेंबर हा या संताचा दिवस. हॉलंड व जर्मन प्रदेशांत त्या दिवशीं मुलांना खाऊ व लहानसहान वस्तु मिळत. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारकांना संतांची पूजा मान्य नव्हती. म्हणून प्रॉटेस्टंट घरांतून ही भेट बाळ ख्रिस्ताच्या नांवानें, नाताळच्या पूर्वसंध्येला देण्याची पद्धत हळूहळू पडली.

इंग्लंडांत मात्र नाताळ हा मुलांचा सण नव्हताच. डिसेंबरांत शेताचीं कामें संपलेलीं असत, पोसलेलीं जनावरें कापलेलीं असत आणि नवी बिअर तयार झालेली असे. वर्षभर राबणाऱ्या गड्याच्या वांट्याला अन्न, पेय आणि फुरसत हीं तिन्ही एकाच वेळीं येत. मग टोळ्या करून, सोंगें घेऊन, गाणीं म्हणत लोक धनिकांच्या दारीं जात आणि खाण्यापिण्याची मागणी करीत. ती पुरी झाली तर आशीर्वाद, न झाली तर शिव्या. आपल्याकडील शिमग्यांत पोस्त मागण्याची चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या प्रकाराची कल्पना सहज येईल. त्या मागणीला कोणी भीक म्हणत नसत. धन्यानें वर्षांतून एकदां द्यावयाचें तें देणें होतें आणि घेणारा तें हक्कानें घेई.

प्युरिटन पंथाच्या लोकांना हा धिंगाणा खपेना. शिवाय बायबलांत या तिथीला आधार नाहीं, हाही त्यांचा आक्षेप होता. १६४७ च्या जूनमध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटनें नाताळ, ईस्टर इत्यादि सण रद्द केले आणि त्यांच्या बदलीं नोकर, उमेदवार कारागीर व विद्यार्थी यांना दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं सुटी ठरवून दिली. हिशेबानें पाहतां हा सौदा वाईट नव्हता. पण सण हिशेबानें चालत नाहींत. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला दुकानें उघडीं ठेवण्यावरून कँटरबरी शहरांत दंगा उसळला. १६६० सालीं राजसत्ता परत आली आणि तिच्याबरोबर नाताळही परतला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडांत तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुटी मिळण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. या सणाविषयींचा संकोच असा बाजारापेक्षांही जुना आहे.

आतां अमेरिकेंतील न्यूयॉर्ककडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हें शहर झपाट्यानें वाढत होतें. हिवाळ्यांत कामें मंदावलीं कीं मजूर रिकामे बसत आणि नाताळ-नववर्षाच्या दिवसांत त्यांच्या टोळ्या कर्णे व भांडीं वाजवीत रात्रीं रस्त्यांतून हिंडत. खेड्यांत धनी व गडी एकमेकांस नांवानें ओळखीत. शहरांत ती ओळख उरली नव्हती. त्यामुळें दारीं येणाऱ्याचें जुनें मागणें धनिकांना आतां धमकीसारखें वाटूं लागलें. दारें बंद झालीं. सण मात्र राहिला. तो रस्त्यावरून दिवाणखान्यांत आला. स्टीफन निसेनबाउम या अमेरिकन इतिहासकारानें १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा बदल सविस्तर दाखविला आहे. देण्याची संवय होती, पण द्यावयाचें कोणाला? दारांतल्या मागणाऱ्याची जागा घरांतल्या मुलानें घेतली. तेंही दुबळें, तेंही परावलंबी, तेंही मागणारें. पण ओळखीचें आणि आपलें.

या नव्या रीतीला तिचें पुराणही लवकरच मिळालें. १८२१ सालीं न्यूयॉर्कमध्यें मुलांसाठीं एक चिमुकलें सचित्र पुस्तक निघालें. त्यांत संत निकोलस रेनडिअर जोडलेल्या घसरगाडींतून येतो, चांगल्या मुलांना भेटी देतो, आणि जीं मुलें वाईट वागतात त्यांच्या आईबापांच्या उपयोगासाठीं छडी ठेवून जातो. दोनच वर्षांनीं, १८२३ च्या २३ डिसेंबरला, ट्रॉय गांवच्या एका वर्तमानपत्रांत एक निनांवी कविता छापून आली. पुढें क्लेमंट मूर यांनीं १८४४ सालीं ती आपल्या संग्रहांत घेतली. तिच्यांतला हंसरा म्हातारा धुराड्यांतून उतरतो, मोजे भरतो आणि निघून जातो. छडीचें नांवही नाहीं. शिक्षकाच्या दृष्टीनें हा फरक लहान नव्हे. पहिल्या भेटीला अट होती, दुसरीला नव्हती. भेट हें चांगल्या वागणुकीचें वेतन कीं मायेचें देणें, या वादाचे दोन्ही पक्ष असे आरंभींच मांडले गेले, आणि तो वाद घरोघर अद्याप चालूं आहे. दुसरा एक बदल याहूनही अर्थपूर्ण झाला. मायऱ्याचा बिशप परक्याच्या मुलींना देऊन स्वतः लपला होता. आतां बाप आपल्याच मुलांना देऊन त्या बिशपच्या नांवामागें लपूं लागला.

इंग्लंडांत १८४३ च्या डिसेंबरांत चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही गोष्ट निघाली आणि नाताळपर्यंत तिच्या सहा हजार प्रती खपल्या. ती खेळण्यांची गोष्ट नव्हे. तिच्यांतील कृपण धनी शेवटीं शुद्धीवर येतो, तेव्हां आपल्या कारकुनाच्या घरीं टर्की पक्षी पाठवितो आणि त्याचा पगार वाढवितो. दारांतल्या जुन्या देण्याचीच डिकन्सनें ही आठवण करून दिली. पुढें १८४८ सालीं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्यें राणी व्हिक्टोरिया, तिचा पति अल्बर्ट व त्यांचीं मुलें सजविलेल्या झाडाभोंवतीं उभीं असल्याचें चित्र आलें. मध्यमवर्गानें डिकन्सची गोष्ट वाचली, पण अनुकरण केलें तें मुख्यतः या चित्राचें.

घरांतल्या मुलासाठीं भेट निवडण्याची चिंता कशी असते, याचें उत्तम उदाहरण त्याच सुमारास जर्मनींत घडलें. १८४४ च्या नाताळपूर्वीं फ्रँकफुर्ट येथील हाइनरिख हॉफमन हे डॉक्टर आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठीं चित्रांचें पुस्तक आणावयास गेले. त्यांनीं दुकानांतलीं पुस्तकें चाळलीं, तों कोठें लांबलचक गोष्टी, तर कोठें ‘मुलांनीं खरें बोलावें’ अशा तऱ्हेचा कोरडा उपदेश. शेवटीं ते एक कोरी वही घेऊन घरीं आले आणि तिच्यांत स्वतःच चित्रें काढून पद्यें लिहिलीं. नखें व केस न कापणारा मुलगा, सूप प्यावयाचें नाकारणारा मुलगा अशीं पात्रें तींत होतीं. मित्रांच्या आग्रहावरून ती वही १८४५ सालीं छापली गेली आणि ‘स्ट्रुव्हेलपेटर’ या नांवानें जगभर गेली. तिच्यांतल्या शिक्षा फार भयंकर आहेत, असा आक्षेप पुढें अनेकांनीं घेतला, आणि तो अगदींच निराधार नाहीं. परंतु या हकीकतींतली मौज निराळीच आहे. दुकानांतली भेट पसंत पडेना म्हणून बापानें स्वतःच्या हातानें जी भेट केली, तीच दुकानांत जाऊन इतर हजारों बापांची नाताळची खरेदी झाली. बाजाराला घराबाहेर ठेवणें किती कठीण, हें यावरून दिसतें.

अमेरिकेंत १८५० सालींच हॅरिएट बीचर स्टो या लेखिकेनें नाताळवर एक गोष्ट लिहिली. तिच्यांतील तरुणी कंटाळून गेली आहे. भेटी द्यावयाच्या आहेत. पण ज्यांना द्यावयाच्या, त्यांच्याजवळ सर्व कांहीं आधींच आहे, आणि दुकानें तर वस्तूंनीं ओसंडत आहेत. या चिंतेवर गोष्टींत उपाय सांगितला आहे तो असा, कीं ज्यांच्याजवळ कांहींच नाहीं अशा घराकडे वळावें. ‘सर्व असणाऱ्या मुलाला काय द्यावें?’ हा प्रश्न आजचा वाटतो. पण त्याला पावणेदोनशें वर्षें होत आलीं आहेत.

त्यानंतर मोठ्या दुकानांचा काळ आला. न्यूयॉर्कच्या मेसी यांच्या दुकानानें १८६७ सालीं नाताळच्या आदल्या दिवशीं मध्यरात्रीपर्यंत दारें उघडीं ठेवलीं आणि त्या एका दिवसांत सहा हजार डॉलरची विक्री केली. अमेरिकेंत तेव्हां व त्यानंतर कित्येक वर्षें खपणारीं पुष्कळशीं खेळणीं जर्मनींत होत. थुरिंगियांतील झोनेबर्ग गांव बाहुल्यांसाठीं, त्याच्या शेजारचें लाउशा झाडाला टांगावयाच्या कांचेच्या गोळ्यांसाठीं, तर सॅक्सनींतील झायफेन लांकडी जनावरांसाठीं प्रसिद्ध होतें. या कामाचा मोठा भाग घरोघर, नगावारी मजुरीवर चाले. एका घरीं बाहुल्यांचीं अंगें भरीत, दुसऱ्या घरीं चेहरे रंगवीत. नाताळची मागणी आली कीं सर्व कुटुंब रात्रीं उशिरापर्यंत बसे, आणि त्यांत मुलेंही असत. लहान बोटें नाजूक कामाला सोयीचीं पडत. घरगुती उद्योगांतील अशा बालमजुरीलाही आळा घालणारा कायदा जर्मनीनें १९०३ च्या मार्चमध्यें केला. एका मुलाच्या हातीं खेळणें यावें, म्हणून दुसऱ्या मुलाचें खेळणें बंद झालें होतें, हें त्या कायद्यानें एक प्रकारें मान्यच केलें.

अमेरिकेंतही हीच गोष्ट दुसऱ्या रूपानें दिसत होती. १८९९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय ग्राहक संघाच्या चिटणीस फ्लॉरेन्स केली यांनीं १९०३ च्या डिसेंबरांत एक लेख लिहून या सर्व प्रकाराला ‘नाताळची विटंबना’ असें नांव दिलें. दुकानांतल्या विक्रेत्या मुली नाताळपूर्वींच्या पंधरवड्यांत रात्रींपर्यंत उभ्या राहत. पैसे व पुडकीं इकडून तिकडे पोंचविणारीं पोरें तर शाळेच्या वयाचीं असत. खरेदी शेवटच्या दिवसांवर ढकलूं नका, ती लवकर उरका, असा प्रचार संघानें चालविला. हा उपदेश आज दुकानदार आपल्या सोयीसाठीं करतात. त्याच्या मुळाशीं थकलेल्या मुलांची कणव होती, हें बहुतेकांस माहीतही नसतें. पुढें १९१२ सालीं न्यूयॉर्कमध्यें एलिनॉर बेलमाँट व अ‍ॅन मॉर्गन या दोघींनीं ‘निरुपयोगी भेटी प्रतिबंधक मंडळ’ काढलें. गरीब नोकरदार मुलींना वर्गणी काढून आपल्या वरिष्ठांना नाताळच्या भेटी द्याव्या लागत. ती सक्ती मोडणें, हा मंडळाचा पहिला हेतु होता. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही त्याचे सभासद झाले. जें देणें एके काळीं धन्याकडून गड्याकडे जात होतें, तें उलटें वाहूं लागलें होतें. वाह्यात पोरांचे लाड बंद करण्यासाठीं हें मंडळ निघालें नव्हतें. भेटींतला जुलूम काढून टाकण्यासाठीं निघालें होतें.

महायुद्धानें या प्रश्नाची आणखी कसोटी पाहिली. १९१४ च्या १४ नोव्हेंबरला अमेरिकन नौदलाचें ‘जेसन’ हें जहाज न्यूयॉर्कहून निघालें. त्यांत तोफा नव्हत्या. अमेरिकन मुलांनीं युरोपांतील युद्धग्रस्त देशांच्या मुलांसाठीं जमविलेल्या नाताळच्या भेटी होत्या, आणि त्या इंग्लंड-फ्रान्सप्रमाणेंच जर्मनी-ऑस्ट्रियाच्या मुलांसाठींही होत्या. चार वर्षांनीं, १९१८ सालीं, खुद्द अमेरिका युद्धांत असतांना भेटी व खेळणीं आवरतीं घ्यावीं, असा विचार राष्ट्रीय संरक्षण मंडळापुढें होता. तेव्हां ए. सी. गिल्बर्ट हे खेळण्यांचे कारखानदार खेळण्यांनीं भरलेली पेटी घेऊन वॉशिंग्टनला गेले. मुलाच्या हातीं जें खेळणें येतें त्यावर त्याचें पुढील आयुष्य घडतें, असें त्यांनीं मंत्र्यांना सांगितलें. आणि मंत्री स्वतःच तीं खेळणीं घेऊन खेळत बसले, अशी हकीकत सांगतात. बंदी आली नाहीं. गिल्बर्ट यांचा धंदा त्यावर अवलंबून होता, हें उघडच आहे. तरी त्यांचें म्हणणें खोटें होतें, असें त्यावरून ठरत नाहीं. जुळणीचीं खेळणीं हातीं घेऊन वस्तु कशी उभी राहते, हें शिकलेलीं मुलें कोणत्याही शाळामास्तरानें पाहिलेलीं असतात.

अलीकडच्या काळांत हाच विषय अर्थशास्त्रज्ञांनीं हातीं घेतला. जोएल वाल्डफोगेल यांनीं येल विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस विचारून १९९३ सालीं असा निष्कर्ष मांडला, कीं घेणाऱ्याच्या दृष्टीनें भेटीचें मोल तिच्या किंमतीपेक्षां दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरतें. या हिशेबांतून भावनेचें मोल मुद्दाम वगळलें होतें. वगळणें शास्त्राला सोयीचें असेल. पण मुलाला दिलेल्या भेटींतून तेवढेंच वजा केलें, तर बाकी काय राहिलें, हा प्रश्न उरतोच. स्वीडननें १९९१ सालीं बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती करण्यास मनाई केली, ती निराळ्याच विचारानें. मुलानें काय मागावें, हें विकणाऱ्यानें ठरवूं नये, एवढेंच त्या देशाचें म्हणणें होतें.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट वारंवार दिसते. ज्यांनीं ज्यांनीं भेटींविरुद्ध लिहिलें वा चळवळ केली, त्यांचा राग मुलाच्या आनंदावर क्वचितच होता. डिकन्स, स्टो, केली, बेलमाँट व मॉर्गन या सर्वांचें लक्ष दाराबाहेर उभ्या राहिलेल्याकडे होतें. सण घरांत आला तेव्हां जो बाहेर राहिला, त्याची आठवण म्हणजेच हा संकोच होय. म्हणून भेटींची संख्या कमी केल्यानें तो जात नाहीं आणि महाग भेट घेतल्यानें दबतही नाहीं.

गोव्यांत नाताळच्या दिवसांत नेवऱ्या, दोदोल, बेबिंका अशा गोड पदार्थांचीं ताटें शेजाऱ्यांच्या घरीं जातात. शेजारी हिंदु असला तरी ताट चुकत नाहीं, आणि चवथीला किंवा दिवाळीला त्याच्या घरचा फराळ उलट वाटेनें येतो. तें ताट घेऊन जाण्याचें काम पुष्कळदां घरांतल्या मुलांकडेच असतें. मुलाला मिळणाऱ्या भेटीविषयीं आपण पुष्कळ विचार करतों. मुलाच्या हातून जाणाऱ्या भेटीविषयीं थोडा.

मुलासाठीं खेळणें निवडतांना म्हणून दोन साधे प्रश्न पुरेसे आहेत. हें खेळणें घेऊन मूल स्वतः काय करील, हा पहिला. हॉफमन यांनीं दुकानांतलीं पुस्तकें परत ठेवलीं तीं याच प्रश्नानें. आणि हें खेळणें येथवर येतांना दुसऱ्या कोणा मुलाला त्याची किंमत द्यावी लागली काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर घरांत सांपडतें. दुसऱ्यासाठीं दार थोडें उघडावें लागतें.